हरणाऱ्या संघाचा प्रशिक्षक : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

संघ सलग चार-पाच सामने हरला की चर्चा फिरून फिरून एकाच माणसावर येऊन थांबते. खेळाडू पंचवीस असतात, त्यांचे करार झालेले असतात, हंगामाच्या मध्यावर त्यांच्या जागी दुसरे मिळत नाहीत. मालक स्वतःला काढून टाकत नाही. पंच, पाऊस आणि मैदान कुणाच्या हातात नसतात. उरतो तो टचलाइनवर उभा असलेला प्रशिक्षक. त्याला घालवला आणि पुढचे दोन सामने जिंकले, की निर्णय अचूक ठरतो. हरले, तर नवाही कुचकामी निघाला म्हणून तिसऱ्याचा शोध सुरू होतो. दोन्ही वेळा एक प्रश्न विचारायचा राहून जातो : जुनाच ठेवला असता तर काय झाले असते?

या एका प्रश्नाभोवती गेल्या साठ वर्षांत एक लहानसे पण कसदार अभ्यासक्षेत्र उभे राहिले आहे. त्यात अर्थशास्त्रज्ञ आहेत, समाजशास्त्रज्ञ आहेत, संख्याशास्त्राचे लोक आहेत, आणि अलीकडे पदार्थविज्ञानातून वाट चुकून आलेलेही काही आहेत. नंदुरबार जिल्ह्यातले क्रीडाशिक्षक, कॉलेजात संख्याशास्त्र किंवा अर्थशास्त्र शिकणारी मुले आणि रात्री जागून फुटबॉल पाहणारी मंडळी यांना या क्षेत्राच्या दारापर्यंत आणून सोडावे, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू. सहा तालुक्यांच्या आपल्या जिल्ह्यात आयएसएल किंवा आय-लीग खेळणारा एकही क्लब नाही. मग हा विषय इथे कशाला, अशी शंका येईल. मला तर वाटते की या प्रश्नाचा अभ्यास करायला इंग्लंडपेक्षा अक्राणी-अक्कलकुवा बरे. त्याचे कारण पुढे येईलच.

सुरुवात फुटबॉलमध्ये झाली नाही, बेसबॉलमध्ये झाली. 1963 मध्ये ऑस्कर ग्रस्की या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने व्यावसायिक बेसबॉल संघांच्या नोंदी तपासल्या. ज्या संघांत व्यवस्थापक वारंवार बदलले जात, त्यांची कामगिरी वाईट असते असे त्याला दिसले. त्याने याला दुष्टचक्र मानले : हरतात म्हणून बदलतात, बदलतात म्हणून घडी विस्कटते, विस्कटते म्हणून आणखी हरतात. पुढच्याच वर्षी विल्यम गॅमसन आणि नॉर्मन स्कॉच यांनी त्याला उत्तर दिले. त्यांच्या मते व्यवस्थापकाच्या जाण्या-येण्याने मैदानावर फारसे काही घडतच नाही. तो बळीचा बकरा असतो. त्याला बळी दिल्याने गावाला बरे वाटते, पाऊस पडत नाही. या दोन मतांच्या आधीपासून तिसरे मत होतेच, ते आपल्या सगळ्यांचे : नवा माणूस आला की सुधारणा होते. नवा सुधारतो, नवा बिघडवतो, नव्याने काही फरक पडत नाही, या तीन मतांमध्ये साठ वर्षे वाद चालू आहे. नव्या वाचकाने त्यातले एखादे आधीच मनाशी धरून आत येऊ नये, एवढीच विनंती.

वाद इतका का लांबला, हे समजायला एक फासा पुरेसा आहे. वर्गात हा प्रयोग जरूर करावा. फासा म्हणजे एक संघ. एक किंवा दोन पडले तर पराभव, तीन-चार पडले तर बरोबरी, पाच-सहा पडले तर विजय. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. या संघाची ताकद कधीच बदलत नाही, आणि लांबच्या पल्ल्यात तो सामन्यामागे सरासरी 1.33 गुण मिळवतो. आता कुठलेही सलग चार सामने घ्या. त्यांत एकही विजय नसण्याची शक्यता 81 पैकी 16, म्हणजे पाचात एक. तीस सामन्यांच्या हंगामात असा पट्टा दिसला नाही तरच नवल. असा पट्टा दिसला की समजा आपण प्रशिक्षक काढला. त्या चार सामन्यांत संघाला सरासरी दोनच गुण मिळालेले असणार, कारण विजय नसलेलेच सामने आपण निवडून काढले आहेत. आणि पुढच्या चारांत? फाशाला मागचे काही आठवत नाही. तो पुन्हा आपल्या सरासरीने पाचाहून थोडे अधिक गुण देणार. दोनाचे पाच झाले. नव्या प्रशिक्षकाचा फोटो वर्तमानपत्रात छापून येणार, आणि त्याने फाशाला हातसुद्धा लावलेला नाही.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, तसला हा प्रकार. फ्रान्सिस गाल्टनने 1886 मध्ये आईबाप आणि मुलांच्या उंचीची मापे मांडून हेच दाखवले होते : फार उंच आईबापांची मुले सरासरीकडे परततात, फार बुटक्यांचीही परततात. संघही परततात. प्रशिक्षक नेमका तळाशी असताना बदलला जातो, म्हणून परतीच्या प्रवासाचे श्रेय नव्याला मिळते. विद्यार्थ्यांनी हा प्रयोग मनातल्या मनात न करता हाताने करावा. तीस वेळा फासा टाकून, वहीत लिहून. वीस विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रशिक्षक काढण्याची पाळी न आलेला विद्यार्थी शोधावा लागतो.

यातून सुटण्याची युक्ती डच संशोधकांनी चांगली बसवली. यान व्हान ऊर्स आणि मार्टिन व्हान टुइल यांनी हॉलंडच्या पहिल्या श्रेणीच्या लीगचे चौदा हंगाम तपासले. प्रत्येक सामन्याआधी सट्टेबाजांनी लावलेल्या भावांवरून त्यांनी संघाकडून किती गुणांची अपेक्षा होती ते काढले. (आकडा लावणाऱ्यांची हुशारी विद्यापीठांच्या कामी यावी, ही यातली गंमत.) मग प्रशिक्षक काढलेल्या प्रत्येक संघासाठी त्यांनी एक जोडीदार शोधला : अपेक्षेपेक्षा तितकाच खाली घसरलेला, पण प्रशिक्षक न काढलेला. काढलेले संघ सुधारले होते, हे खरे. न काढलेलेही तितकेच सुधारले होते. हा निबंध 2016 मध्ये आला. त्याआधी 2011 मध्ये जर्मन बुंडेसलिगाच्या साडेचार दशकांच्या नोंदींवरून आंद्रेआस हॉयर आणि सहकाऱ्यांनी गोलफरकाचे गणित मांडले होते. त्यांनाही हंगामाच्या मध्यात केलेल्या बदलाचा परिणाम शून्याच्या आसपासच दिसला. इटलीचा अभ्यास याच बाजूचा आहे. इंग्लंडच्या जुन्या नोंदी पाहणाऱ्या ऑडस, डॉबसन आणि गोडार्ड यांना तर बदलानंतरचे काही आठवडे आणखी वाईट गेलेले आढळले. उलट काही अभ्यासांत पहिल्या थोड्या सामन्यांपुरती उसळी दिसते आणि मग ती विरते. ती नाकारायचे कारण नाही. बाकावर बसलेल्या खेळाडूला नव्या सरांसमोर स्वतःला सिद्ध करायचे असते आणि अकरांतल्याला आपली जागा टिकवायची असते, त्यामुळे दोघेही आठ दिवस जीव तोडून धावतात.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'बदलाने फरक पडत नाही' याचा अर्थ 'प्रशिक्षकाने फरक पडत नाही' असा घेतला जातो, आणि मग चांगले प्रशिक्षक या साहित्यावर चिडतात. ते चिडतात ते योग्यच आहे. एकच प्रशिक्षक अनेक क्लबांत आणि एकच क्लब अनेक प्रशिक्षकांखाली, अशा जर्मन नोंदी एकमेकांत गुंफून पाहिल्यावर प्रशिक्षकांमध्ये खरोखर डावे-उजवे असते असे निघाले आहे. पण हंगामाच्या मध्यावर, घाईत, बाजारात जो मोकळा असतो तो बहुधा तुम्ही नुकत्याच काढलेल्यासारखाच असतो. सरासरी माणूस देऊन सरासरी माणूस घेतला, मध्ये भरपाईचा खर्च वाढला. आणि संघ गुणतालिकेत कुठे असणार हे बऱ्याच अंशी खेळाडूंच्या पगारावरच ठरते, हे स्टीफन शिमान्स्की या अर्थशास्त्रज्ञाने इंग्लिश क्लबांच्या हिशेबांवरून दाखवून दिले आहे.

आता आपल्याकडची उदाहरणे. हिंदुस्थानी फुटबॉलमध्ये या प्रश्नासाठी एकच माणूस निवडायचा तर तो खालिद जमील. मुंबईच्या मैदानांवर घडलेला हा खेळाडू 2009 पासून सात वर्षे मुंबई एफसीचा प्रशिक्षक होता. कूपरेजवर खेळणारा हा क्लब कधी चमकला नाही. दरवर्षी तळाशी घुटमळायचा, पण 2008 मध्ये आय-लीगमध्ये आल्यापासून एकदाही खालच्या श्रेणीत गेला नव्हता. 2016 मध्ये जमील आणि क्लब वेगळे झाले. पुढच्या हंगामासाठी संतोष कश्यप आले, हंगामाच्या मध्यात तेही गेले आणि ऑस्कर ब्रुझोन आले. मुंबई एफसी त्या वर्षी शेवटच्या क्रमांकावर राहून लीगबाहेर पडली. त्याच हंगामात जमील मिझोरामच्या आयझॉल एफसीकडे होता. आयझॉल आदल्या वर्षी खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता; गोव्याच्या क्लबांनी लीग सोडल्यामुळे त्याला परत घेतले होते. 30 एप्रिल 2017 रोजी शिलाँगमध्ये लाजाँगशी 1-1 बरोबरी साधून आयझॉल हिंदुस्थानचा विजेता झाला.

एका माणसाने इकडची दुनिया तिकडे केली, असे ही गोष्ट ऐकून वाटते. पण या क्षेत्राची सवय लागली की हात आपोआप थांबतो. जमीलच्या पाठोपाठ जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे मुंबई एफसीचे जुने खेळाडू त्या हंगामात आयझॉलकडून खेळत होते. मग यश प्रशिक्षकाचे, खेळाडूंचे, की दोघांच्या जुन्या ओळखीचे? आयझॉलमध्ये फुटबॉलचे वेड गल्लीगल्लीत होते आणि मिझोरामने 2014 मध्ये संतोष करंडक जिंकला होता. ते रान आधीच नांगरलेले होते. शिवाय तोच जमील पुढच्या हंगामात ईस्ट बंगालसारख्या मातब्बर क्लबाकडे गेला आणि चौथा आला. पैसा जास्त, नाव मोठे, निकाल फिका.

2021 मधली गोष्ट तर पाठ्यपुस्तकात घालावी अशी आहे. आयएसएलमधल्या नॉर्थईस्ट युनायटेडने जानेवारीत जेरार्ड नूस यांना काढले. अकरा सामन्यांत 12 गुण, शेवटच्या सात सामन्यांत विजय नाही. सहायक असलेल्या जमीलकडे अंतरिम सूत्रे आली. उरलेल्या नऊ लीग सामन्यांत संघ एकदाही हरला नाही; सहा विजय, तीन बरोबरी, 21 गुण. संघ तिसरा आला आणि आयएसएलच्या बाद फेरीत संघ नेणारा पहिला हिंदुस्थानी प्रशिक्षक म्हणून जमीलचे नाव झाले. प्रशिक्षक बदलावा म्हणणाऱ्यांना याहून भारी पुरावा मिळणार नाही. पण बारकाईने पाहा. नूस यांच्या काळात संघाने सहा बरोबऱ्या साधल्या होत्या आणि तीनच सामने गमावले होते. म्हणजे संघ मोडकळीला आला नव्हता, विजय हाताशी येऊन निसटत होते. त्याच जानेवारीत डेशॉर्न ब्राउन हा आक्रमक खेळाडू बंगळुरूहून आला आणि गोल करू लागला. आणि पुढच्या वर्षी, पूर्ण हंगाम, पूर्ण अधिकार, तोच जमील : संघ अकरांत दहावा. पहिल्या वर्षीचा जमील खरा की दुसऱ्या वर्षीचा? माझे उत्तर असे की दोन्ही वर्षी माणूस तोच होता, आणि दोन्ही वर्षी आपण त्याच्या नावावर जरा जास्तच जमा-खर्च मांडला.

राष्ट्रीय संघाबाबतही हा खेळ झाला. मानोलो मार्केझ यांच्या हाताखाली आठ सामन्यांत एकच विजय, म्हणून 2025 च्या जुलैत ते गेले. ऑगस्टमध्ये जमील आला, सप्टेंबरात मध्य आशियातल्या काफा नेशन्स चषकात ओमानला पेनल्टीवर हरवून संघ तिसरा आला आणि सगळीकडे पेढे वाटले गेले. ऑक्टोबरात गोव्यात सिंगापूरकडून 1-2 हरून 2027 च्या आशियाई चषकाची वाट बंद झाली.

महाराष्ट्राचे स्वतःचे उदाहरण मात्र एफसी पुणे सिटीचे, आणि ते काही सुखाचे नाही. बालेवाडीत खेळणारा हा क्लब 2014 ते 2019 असा पाच हंगाम जगला. फ्रँको कोलोंबा, डेव्हिड प्लॅट, अंतोनियो हबास, रँको पोपोविच, मिगेल आंखेल पोर्तुगाल, फिल ब्राउन : पाच हंगामांत सहा कायम प्रशिक्षक, मध्ये प्रद्युम्न रेड्डी अंतरिम. एकदाच, पोपोविचच्या हंगामात, संघ चौथा येऊन उपांत्य फेरीत पोचला. पुढच्या हंगामात पोपोविच नव्हता. पोर्तुगालला तर तीन सामन्यांनंतर काढले. एक बरोबरी, दोन पराभव. तीन सामन्यांवरून प्रशिक्षकाची पारख होते असे मानणाऱ्याने वरचा फाशाचा प्रयोग आधी तीनदा करावा. त्या वर्षी क्लब सातवा आला आणि 2019 मध्ये बंद पडला. त्याची जागा हैदराबादने घेतली. फिल ब्राउनही तिकडे गेला आणि जानेवारीत काढला गेला. संघ शेवटीच राहिला. मग हैदराबादने वर उल्लेख आलेल्या मानोलो मार्केझना आणले. पहिल्या वर्षी पाचवे, म्हणजे बाद फेरीबाहेर. पुण्याच्या पद्धतीने पाहिले तर इथेच नारळ मिळायचा. हैदराबादने ठेवले, आणि मार्च 2022 मध्ये फातोर्ड्याला केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून ते विजेते झाले.

घसरण नसतानाही प्रशिक्षक काढतात, हे गोव्याने दाखवले. 31 जानेवारी 2020 रोजी एफसी गोवाने सर्जिओ लोबेरा यांना काढले तेव्हा संघ गुणतालिकेच्या वरच्या टोकाला होता आणि लीगचे तीन सामने उरले होते. क्लिफर्ड मिरांडा यांनी ते सांभाळले, जमशेदपूरला 5-0 हरवून गोव्याने लीग शील्ड घेतली आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत जाणारा पहिला हिंदुस्थानी क्लब होण्याचा मान मिळवला. लोबेरा पुढच्या हंगामात मुंबई सिटीकडे आले आणि मुंबईने शील्ड आणि चषक दोन्ही नेले. गोव्याच्या बाबतीत 'नव्या प्रशिक्षकाची जादू' असे कुणी म्हणाले नाही, कारण आधी खड्डा नव्हता. जादू दिसायला खड्डा लागतो.

तर मग झगडणाऱ्या क्लबाने काय करावे? या क्षेत्रातले मला सर्वांत उपयोगी वाटणारे काम झुरिकच्या राफाएल फ्लेप आणि एगोन फ्रँक यांचे आहे, 2021 चे. त्यांनी निकाल बाजूला ठेवले आणि खेळ मोजला. प्रत्येक फटका कुठून मारला, किती जवळून, कोणत्या कोनातून, यावरून त्यातून किती गोल व्हायला हवे होते याचा अंदाज बांधता येतो. त्याला अपेक्षित गोल म्हणतात. पेनल्टीचे चारांतले तीन गोल होतात, बॉक्सच्या बाहेरून मारलेल्या शंभरांतले तीन-चार. एखादा संघ हरतोय पण अपेक्षित गोल त्याच्या बाजूने आहेत, तर त्याचे नशीब रुसले आहे. अशा वेळी प्रशिक्षक काढून काही पदरात पडत नाही, काळच ते दुरुस्त करतो. संघ हरतोय आणि खेळही खरोखर वाईट आहे, तेव्हा मात्र बदलाचा फायदा होतो. म्हणजे साठ वर्षांच्या वादात दोन निराळ्या आजारांचे रोगी एकाच खाटेवर झोपवले होते आणि औषधाची सरासरी शून्य निघत होती. माझा कौल या बाजूला आहे : गुणतालिका पाहून प्रशिक्षक काढू नये, सामना पाहून काढावा, आणि तोही कुणाला आणणार हे ठरल्यावर.

आणि आता नंदुरबार. या सगळ्या अभ्यासांचे दुखणे एकच आहे : व्यावसायिक फुटबॉलमध्ये प्रशिक्षक पराभवामुळे बदलतो. बदल आणि घसरण एकमेकांना चिकटलेली असतात, ती सोडवण्यासाठी जोडीदार शोधा, सट्ट्याचे भाव आणा, नाना खटपटी. आपल्याकडे शाळेच्या संघाचे सर पराभवामुळे जात नाहीत. त्यांची बदली होते. धडगावच्या डोंगरातल्या शाळेत अवघड क्षेत्राची तीन वर्षे भरली की जिल्हा परिषदेचा शिक्षक बदलीचा हक्कदार होतो. तो संघ तालुक्यात पहिला आलेला असो की पहिल्याच फेरीत बाहेर पडलेला, बदलीच्या यादीला त्याचे सोयरसुतक नसते. कुणी निवृत्त होते, कुणाला बढती मिळते, कुणाचे कंत्राट संपते. म्हणजे प्रशिक्षक बदलला, पण संघ तळाशी होता म्हणून नव्हे. संशोधकाला स्वप्नात हवी असते ती परिस्थिती सरकारी यंत्रणेने आपल्याला फुकट करून दिली आहे. युरोपातल्या विद्यापीठांना असे नमुने विकत मिळत नाहीत.

अडचणीही आहेत, आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या असतात. हरला की घरी. सुब्रतो मुखर्जी करंडकाच्या जिल्हा फेरीत एखादा संघ एका सामन्यातच संपतो, मग सरासरी कशाची काढणार? वयोमर्यादा असल्याने दर वर्षी-दोन वर्षांनी संघ पार बदलतो. दिवाळीनंतर घरची मंडळी ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला गेली की काही मुले त्यांच्यामागे जातात. होळी-भोंगऱ्याच्या दिवसांत सरावाला कोण येणार, हे सरांनी ठरवायची गोष्ट नव्हे. बदलीसुद्धा पूर्णपणे योगायोगाची नसते : ज्याला जिथे राहायचेच नाही, तो तिथे मन लावून शिकवतो का? हा प्रश्न अवघड आहे, पण त्यासाठी संख्याशास्त्रात साधने आहेत. शिवाय नुसता फुटबॉल कशाला? कबड्डी, खो-खो, हँडबॉल यांचे प्रकल्पस्तरीय सामने नंदुरबार आणि तळोदा या दोन्ही आदिवासी विकास प्रकल्पांत होतात, आणि प्रश्न तोच असतो. कबड्डीत तर एका सामन्यात गोलांपेक्षा कितीतरी जास्त गुण होतात, त्यामुळे नशिबाचा वाटा कमी आणि प्रशिक्षकाचा हात लवकर दिसावा, असा माझा अंदाज आहे. तो खोटा ठरवायला कुणी पुढे आले तर आनंदच आहे.

या क्षेत्रात शिरणाऱ्याने काय वाचावे याची यादी देण्याचा मोह मी टाळतो. ग्रस्कीपासून सुरुवात करून फ्लेप-फ्रँकपर्यंत यायला एक उन्हाळी सुट्टी पुरते. गणित घाबरवणारे नाही. बारावीचे संख्याशास्त्र आणि थोडी चिकाटी असली की भागते. वाचताना एक सवय मात्र लावून घ्यावी. कुठलाही बदलाचा दावा कानावर आला, मग तो प्रशिक्षकाचा असो की मुख्याध्यापकाचा, की लगेच विचारावे : याच्यासारखाच, पण न बदललेला, कुठे आहे?

वाचण्याआधी एक काम करता येईल, आणि ते आपल्या जिल्ह्यातच करता येईल. पुढच्या हंगामापासून संघ उतरवणाऱ्या प्रत्येक शाळेने एक वही ठेवावी. सामन्याची तारीख, ठिकाण, समोरचा संघ, निकाल लिहावा. बाकावरच्या एका मुलाला दोन्ही बाजूंचे फटके मोजायला बसवावे : बॉक्सच्या आतून किती, बाहेरून किती. खेळाडूंची नावे नकोत, संख्या पुरे. आणि प्रशिक्षक बदलला की त्या पानावर बदलाची तारीख आणि कारण स्पष्ट लिहावे : बदली, बढती, निवृत्ती, कंत्राट संपले, की पराभव. पाच वर्षांनी सहाही तालुक्यांच्या अशा वह्या एका टेबलावर आल्या तर त्यांवरून जे लिहिता येईल, ते या विषयावर आजवर कुठेही लिहिले गेलेले नसेल. शहादा, नवापूर, तळोद्याच्या सरांनी हे मनावर घ्यावे, आणि अक्राणीच्या सरांनी बदली व्हायच्या आत वही पुढच्या सरांच्या हाती द्यावी.